पोटगीचा बोजा सातबाऱ्यावर चढू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही दिवस पोटगीवरून वाद चालला आहे. एका गृहस्थांनी लिहिलं की पोटगी हा आता धंदा झाला आहे, दोन वर्षं नांदायचं आणि जन्मभर बसून खायचं. त्यांना उत्तर देणाऱ्या ताईंनी लिहिलं की शिकलेल्या बाईने सोडलेल्या नवऱ्याच्या पैशाला हात लावणं स्वाभिमानाला धरून नाही. दोन्ही पत्रं मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. आमच्यातली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली, "बसून खायाले कोठं भेटते माय? पत्ता सांग, मीबी जातो."

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटांची हिशेबाची पुस्तकं लिहिते, घरी शिलाई करते, एक म्हैस आहे. माझा घटस्फोट 2022 मध्ये झाला. त्याआधी बरीच वर्षं मी माहेरी होते, सोबत मुलगी. गटांची पुस्तकं लिहिताना गावोगावच्या बायकांचे हिशेब हाताखालून जातात, त्यामुळे माझ्यासारख्या आणखी किती जणी कशा अडकल्या आहेत तेही दिसतं. त्यावरून एवढं सांगते, की आपल्या पानावर जो वाद चालला आहे तो पगारदार घरांचा आहे. तिथे पगारपत्रक असतं, फॉर्म सोळा (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) असतो, कोर्टाने हुकूम केला की पगारातून रक्कम कापता येते. कास्तकाराच्या घरात यातलं काहीच नसतं. तिथे पोटगी किती ठरली याला फारसा अर्थ नाही. ती कशावर बांधली, याला आहे.

माझंच घ्या. सासरी मिळून नऊ-दहा एकर कोरडवाहू वावर. कापूस, सोयाबीन, तूर. सगळं सासऱ्यांच्या नावे होतं, पण पीककर्ज दोन नावांवर निघावं म्हणून त्यांनी वाटणी करून तीन एकर नवऱ्याच्या नावे केलं होतं. शिवाय त्याच्याकडे मालवाहू गाडी होती. कोर्टात त्याच्या वकिलाने जे लिहून दिलं त्यात गाडी नव्हती, वावर "वडिलोपार्जित, उत्पन्न नगण्य" होतं, आणि नवरा रोजमजूर होता. जो माणूस मला नऊ वर्षांत कधी मजुरीला जाताना दिसला नाही, तो कागदावर रोजमजूर झाला होता.

मात्र सगळंच खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. तीन एकर कोरडवाहूत बरं वर्ष असेल तर पंधरा-सोळा क्विंटल कापूस. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी काढा आणि हातात काय उरतं ते कोणत्याही कास्तकाराला विचारा. दर महिन्याला पाच हजार दे, असा हुकूम त्याच्यावर झाला असता तरी जुलै-ऑगस्टमध्ये त्याने ते कुठून आणले असते? त्या महिन्यांत तो स्वतः कृषी केंद्रवाल्याच्या उधारीवर असतो. नवऱ्याबद्दल मला आता प्रेम नाही की राग नाही, पण हिशेब मला कळतो.

सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोघांनीही आपली मिळकत, देणी, मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच निकालाला शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना जोडलेला आहे हे फार थोड्यांना माहीत आहे. एकूण जमीन किती, हिस्सा किती, कोरडवाहू की ओलिताची, पिकं कोणती, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटईने केलेली जमीन, गाई-म्हशी-शेळ्या किती आणि त्यांचं उत्पन्न, जमिनीवरचं कर्ज, असं सगळं त्यात भरायचं असतं. दिल्लीत बसून कोणीतरी आपल्या वावराचा नीट विचार केला होता. आमच्याकडे तो नमुना कोरा दाखल होतो, किंवा शहरातला नमुना भरतात आणि शेतीच्या रकान्यात "निरंक" लिहितात. समोरच्या पक्षाने बोट ठेवलं नाही तर तो तसाच फायलीत राहतो.

माझी वकील विधी सेवा समितीकडून मिळालेली होती. तरुण मुलगी, दोनच वर्षांची सनद. तिने तो नमुना छापून आणला आणि म्हणाली, "ताई, ह्यातलं तुम्हाला काय काय माहीत आहे ते सांगा." मला सगळंच माहीत होतं. नऊ वर्षं त्या घरचा कापूस मी वेचला होता. कोणत्या वर्षी किती गाठोडी निघाली, किती खेडा खरेदीत (गावातच व्यापाऱ्याला) रोख गेला, किती बाजार समितीत गेला, चुकारा कोणत्या बँकेत जमा झाला. बायका म्हणतात, आपल्याला काय कळते वावरातलं. पण वेचणीचं किलोकिलोने वजन त्यांनीच केलेलं असतं. सातबारा आणि आठ-अ तर आता ऑनलाइन निघतो. सरकारी खरेदीत कापूस दिला असेल तर पैसा आधार जोडलेल्या खात्यात येतो. पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि नमो शेतकरीचे 6000 कोणाच्या खात्यात येतात तेही लपत नाही. गाडीचा क्रमांक मला पाठ होता. पुढच्या तारखेला त्याच्या वकिलाने दुरुस्त प्रतिज्ञापत्र द्यायला वेळ मागून घेतला.

मग मध्यस्थीला बसलो. तिथे खरी गंमत आहे. नातेवाइकांचं म्हणणं, आकडा मोठा लाव, नंतर काय होईल ते होईल. माझा भाऊ सात लाखांवर अडून होता. वकील मुलगी मात्र म्हणाली, सात लाख कागदावर राहतील, त्यापेक्षा मिळतील तेवढे लिहा, पण बांधून लिहा. शेवटी चार लाख ठरले. दीड लाख हुकूमनाम्याच्या दिवशी, कोर्टासमोर, डिमांड ड्राफ्टने. दीड लाख पुढच्या जानेवारीअखेर, कापसावर. एक लाख त्याच्या पुढच्या जानेवारीत. मुलीसाठी महिना अडीच हजार, पण ते महिन्याला न मागता वर्षाचे तीस हजार दोन वेळा: अर्धे जानेवारीत, अर्धे तूर-हरभरा निघाल्यावर एप्रिलअखेर. दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ. ही वाढ लिहून घेताना समोरचे फार कुरकुरले. नंतर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच कोलकात्याकडच्या एका प्रकरणात महिना 50,000 पोटगी देताना दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ घातली, ते वाचलं तेव्हा बरं वाटलं.

आणि शेवटची अट, जिच्यासाठी हे पत्र लिहिते आहे. हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 25 मध्ये कायम पोटगीची तरतूद आहे. त्याच कलमात लिहिलं आहे की गरज असेल तर ही रक्कम देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा, म्हणजे देण्याची नोंद, ठेवून सुरक्षित करता येते. माझ्या हुकूमनाम्यात त्याच्या तीन एकरांवर असा बोजा लिहिला गेला. वावर विकायचं नाही, जप्त करायचं नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात फक्त एक ओळ. बँकेच्या पीककर्जाची जशी असते, तशी.

ती ओळ चढवायला जो त्रास झाला त्यावर वेगळं पत्र होईल. गावचे तलाठी भला माणूस, पण त्यांनी डोकं खाजवलं. "सोसायटीचा बोजा चढवतो, बँकेचा चढवतो, विहिरीचा चढवतो. पोटगीचा बोजा आपण कधी चढवला नाही बा." मंडळ अधिकाऱ्यांना विचारतो म्हणाले. मंडळ अधिकाऱ्यांनी तहसीलात विचारा म्हटलं. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल, अर्ज, नोटिशीची मुदत, फेरफार. एकदाची नोंद प्रमाणित झाली. सासरच्या गावात ती बातमी घटस्फोटापेक्षा जास्त चघळली गेली.

आता ऐका काय झालं ते. 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, आठवत असेल. म्हणून 2022-23 मध्ये गावोगाव लोकांनी कापूस घरातच दाबून ठेवला, भाव पुन्हा चढेल म्हणून. भाव चढला नाही, उतरला. जानेवारीअखेर माझा हप्ता आला नाही. निरोप आला, "कापूस घरात आहे, भाव येऊ दे, मग देतो." फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी वसुलीच्या अर्जाची तयारी केली होती, पण तो दाखल करावाच लागला नाही. मे महिन्यात नवरा पीककर्जाला बँकेत गेला. बँकेने ताजा सातबारा मागितला. इतर हक्कातली ओळ बघून साहेबांनी विचारलं, हे काय आहे? आठवड्याभरात सासरे स्वतः आमच्या गावी आले. ओसरीवर बसले, चहा घेतला, नातीला जवळ बोलावलं, आणि दीड लाखाचा ड्राफ्ट माझ्या भावाच्या हातात द्यायला लागले. मी म्हटलं, बाबाजी, माझ्या हातात द्या, पोच मी लिहून देते. त्यांनी दिला. जाताना म्हणाले, "तुवं बरं केलं. नाहीतर त्यानं देलाच नसता." त्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तिसरा हप्ता वेळेत आला. मुलीची रक्कम थोडी मागेपुढे होते, पण येते, कारण दर वर्षी पीककर्जाला सातबारा लागतोच.

हे सगळ्यांना लागू पडतं असं नाही, आणि अर्धवट माहिती वाईट. फौजदारी बाजूने जो पोटगीचा अर्ज होतो, फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम 125, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, त्यात असा बोजा ठेवण्याची सोय नाही. तो अर्ज घटस्फोट न घेताही करता येतो, कोणत्याही धर्माच्या बाईला करता येतो, आणि आमच्या भागात तोच जास्त होतो, कारण फारकत घेतलेल्यांपेक्षा नुसत्या टाकलेल्या बायका जास्त आहेत. तिथे पैसे थकले तर वसुलीचा अर्ज करायचा. कोर्ट वॉरंट काढतं, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुलीही करता येते. एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं: रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेचं वॉरंट निघत नाही. "देईल देईल" म्हणत दोन-दोन वर्षं वाट पाहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचं निम्मं बुडालं. दुसरं, वॉरंटमध्ये नवरा महिनाभर आत बसून आला तरी देणं फिटत नाही. गावात समज असा की बसून आला म्हणजे हिशेब चुकता. "बसून येईन, पैसा देनार नाही," असं छातीवर हात मारून सांगणारे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलं आहे की तुरुंगवास ही देण्याची फेड नव्हे, वसूल करण्याचा एक मार्ग आहे.

आणि स्टॅम्प पेपरच्या फारकती. यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. दोन्हीकडचे चार-चार माणसं बसतात, ऐंशी हजार किंवा लाख रुपये रोख टेबलावर ठेवतात, बाईचा अंगठा किंवा सही घेतात की यापुढे माझा काही हक्क उरला नाही. नोटरीचा शिक्का मारतात. एखाद्या समाजाची जुनी रूढी सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, नाहीतर हिंदू बाईचा घटस्फोट अशा कागदाने होत नाही, आणि पोटगीचा हक्क सही करून सोडून देता येत नाही असं न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलं आहे. आमच्या गटातल्या एकीचा असाच कागद झाला. ती रक्कमही तिच्या हातात आली नाही, दिराने मोजून वडिलांच्या हातात दिली, वडिलांनी धाकट्या मुलीच्या लग्नात घातली. तिचा अर्ज आता कुठे लागला आहे.

आता पैसा आल्यानंतरचं. कोर्टातला ड्राफ्ट खात्यात जमा झाला की गावाला वास लागतो. भावाला बोअर मारायची होती. चुलत्याला शेतीसाठी उसने हवे होते. शेजारणीने गोष्ट काढली की भिसीत टाक, दुप्पट होते. मला आधी माझी देणी दिसत होती. सासरी असताना माझ्या नावावर दोन महिला गट कर्जं काढली होती. पैसा गेला गाडीच्या डाउन पेमेंटला, सही माझी. घर सोडून आले तरी हप्त्याचा माणूस माझ्याच माहेरच्या दारात यायचा, आणि तो चूक नव्हता, कर्जदार मीच होते. ही गोष्ट एकाही पोटगीच्या चर्चेत येत नाही. खेड्यात मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईलाच मिळतं, खर्च पुरुष करतो, आणि संसार मोडला की गाडी त्याच्याकडे, कर्ज तिच्याकडे. रजनेश निकालाच्या प्रतिज्ञापत्रात देण्यांचाही रकाना आहे. मी त्यात दोन्ही कर्जं आणि ती कशासाठी काढली ते लिहिलं होतं, म्हणूनच आकडा तीनवरून चार लाखांवर गेला. पहिल्या दीड लाखातून आधी ती दोन्ही मिटवली आणि ना-देय दाखले घेऊन ठेवले.

दागिन्यांचंही तसंच. माझं डोरलं आणि एकदाणी नवऱ्याने पतसंस्थेत गहाण ठेवलेली, पावती त्याच्या नावावर. स्त्रीधन बाईचंच, हे 1985 पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे, पण माझं ते कोणतं हे दाखवायला काहीतरी लागतं. माझ्या आईने लग्नातली सराफाची पक्की पावती पिठाच्या डब्याखाली कागदात गुंडाळून ठेवली होती. लग्नाचा अल्बम होताच. सोडवून परत द्यायचं हे तडजोडीत आलं. एकदाणी आली, डोरल्यातले दोन मणी कमी निघाले. त्यावर मी भांडले नाही.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. दहा पूर्ण व्हायच्या आत सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं, नंतर नाही, म्हणून ते आधी उघडलं. वर्षाला किमान 250 टाकले तरी चालतं, व्याज 2024 पासून 8.2 टक्के. दुसऱ्या हप्त्यातले एक लाख पोस्टात महिला सन्मान बचत पत्रात ठेवले. ती योजना एप्रिल 2023 ते मार्च 2025 एवढीच होती, साडेसात टक्के, दोन वर्षांनी हातात 1,16,022 रुपये आले. आता ते एफडीत आहेत. म्हैस आणि शिलाई मशीन उरलेल्या पन्नास हजारांतून. मुलीच्या रकमेचा हप्ता जानेवारीत आला की मी त्याचे सहा भाग करते आणि महिन्याचा एकच भाग काढते. गटाच्या पुस्तकात बायकांना शिकवते तेच घरी करते. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, ड्रेस एकदम येतं, तेव्हा एप्रिलच्या हप्त्यातले दोन भाग आधीच बाजूला काढलेले असतात.

भावाला बोअरसाठी मी पैसे दिले नाहीत. तो दोन महिने बोलला नाही. हक्कसोडपत्राचा विषयही त्याच सुमारास निघाला. वडील गेल्यावर वारस म्हणून माझं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर लागलं आहे, त्यावरून नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात "हिच्याकडे जमीन आहे" असंही म्हणून पाहिलं होतं. भावाचं म्हणणं, नाव काढलं असतं तर हे झालंच नसतं. मी सही केली नाही. जिच्या दोन्ही घरच्या सातबाऱ्यावर नाव नाही, तिचं काय होतं ते रोज बघते.

बारीकसारीक कागदांचं एक सांगते. माझ्या बँक खात्यातून जीवन ज्योती विम्याचे 436 रुपये दर वर्षी कापले जातात, दोन लाखांचा विमा. घटस्फोट होऊन वर्ष झालं तरी त्याचा वारसदार नवराच होता. म्हणजे मी मेले असते तर पोटगी देणाऱ्यालाच दोन लाख मिळाले असते! पासबुक भरायला गेले तेव्हा सहज लक्षात आलं आणि बदलून घेतलं. रेशन कार्डात सासरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला मिळेस्तोवर माहेरच्या कार्डात नाव चढत नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार मागितला, तेव्हा आमच्या गटातल्या फारकतीच्या आणि विधवा बायका पोर्टलपुढे रडकुंडीला आल्या. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या बाईला महिना 1500 मिळू शकतात, पण कुटुंबाची उत्पन्न मर्यादा वर्षाला 21,000. आता हिशेब करा. कोर्टाने महिना दोन हजार ठरवले की कागदावर वर्षाचे चोवीस हजार झाले, बाई मर्यादेच्या बाहेर. पैसा आला की नाही हे त्या कागदावर दिसत नाही. न आलेल्या पोटगीमुळे निराधारचं अनुदान अडलेल्या बाया आहेत, आणि ज्यांनी पोटगीला धंदा म्हटलं त्या गृहस्थांनी एकदा तहसीलच्या ओट्यावर येऊन त्यांच्याजवळ बसावं. माझ्या मुलीचे सुरुवातीला ठरलेले अडीच हजार म्हणजे दिवसाला त्र्याऐंशी रुपये. आमच्याकडे निंदणाची एका दिवसाची मजुरी अडीचशे-तीनशे आहे.

स्वाभिमानाबद्दल लिहिणाऱ्या ताईंना एवढंच विचारते, की नऊ वर्षं मी जो कापूस वेचला, निंदण केलं, म्हशीचं शेण काढलं, त्याची मजुरी कोणत्या वहीत लिहिली आहे? लिहिली असती तर मी ती वही कोर्टात दिली असती आणि पोटगी मागितलीही नसती.

माझी मागणी मोठी नाही, त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. कास्तकार नवरा असेल तिथे शेतीचा नमुना पूर्ण भरल्याशिवाय प्रतिज्ञापत्र घेऊ नये. लोक अदालतीत आणि मध्यस्थीत तडजोड लिहिताना वकिलांनी आणि मध्यस्थांनी कलम 25 चा बोजा स्वतःहून सुचवावा. आजवर मी गटांमधून पाहिलेल्या एकाही तडजोडीत तो नव्हता, "दरमहा देईन" एवढंच होतं. हप्ते पिकाच्या हंगामाला लावावेत. आणि महसूल खात्याने एक परिपत्रक काढून गावपातळीवर कळवावं की कोर्टाच्या हुकूमनाम्यातला पोटगीचा बोजा बँकेच्या बोजासारखाच इतर हक्कात नोंदवायचा, म्हणजे पुढच्या बाईला डोकं खाजवणारा तलाठी भेटणार नाही. हुकमाआधीच वावर भावाच्या नावे बक्षीसपत्र करून देणारे नवरेही वाढले आहेत, त्यासाठी दावा दाखल करतानाच तात्पुरता मनाई हुकूम मागावा लागतो, हे बायकांना कोणी सांगत नाही. सासऱ्यांच्या नावे सगळं असेल तर मात्र हा उपाय लंगडा पडतो. तिथे काय करता येईल, यावर एखाद्या जाणत्या वकिलाने आपल्या पानात लिहावं ही विनंती. वडिलोपार्जित जमिनीत नवऱ्याचा हिस्सा असतोच, तो कसा दाखवायचा हाच प्रश्न आहे, आणि तो आमच्याकडे दहातल्या आठ घरांचा प्रश्न आहे.

वकिलाच्या फीमुळे कोणी थांबली असेल तर तिच्यासाठी: तालुका विधी सेवा समितीकडून बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या कायद्यात तसं आहे. 15100 या नंबरवर फोन केला तरी चालतो. जाताना दोघांचे सातबारा, आठ-अ, लग्नाचा पुरावा, पासबुकं, दागिन्यांच्या पावत्या आणि आपल्या नावावरच्या कर्जाची पुस्तकं सोबत न्या. नवऱ्याच्या गाडीचा नंबर पाठ नसेल तर घर सोडण्याआधी लिहून घ्या.

पत्र लांबलं. कापायचं असेल तर दागिन्यांचं कापा, बोजाचं कापू नका. मुलगी शाळेत आहे, म्हणून माझं आणि गावाचं नाव छापू नये.

आपली,
एक वाचक, जि. यवतमाळ